गोड्या पाण्याचं इंजिन

३० मार्च, पाडवा. सकाळी ११.

इंजिन आलं. पंधरा हॉर्सपॉवर. सेकंडहँड आहे, पण वाटत नाही. वेळणेश्वरच्या एका रिसॉर्टवाल्यानं काढलं, मी घेतलं. त्याला वस्तूची किंमत कळली नाही असं माझं मत. निघताना त्याच्याही चेहऱ्यावर माझ्याबद्दल तसंच काहीसं मत दिसलं, पण तो धंदेवाईक माणूस.

पडवीत पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. उमा म्हणाली, जावई अजून घरी जेवायला आला नाही आणि पाटावर आधी हे बसलं.

जावयावरून नोंद: भार्गवीचं लग्न १८ मेला. मुलगा उन्मेष, खाडीच्या पलीकडच्या गावचा. रस्त्यानं गेलं तर पुलाला वळसा घालून पाऊण तास. बोटीनं दहा मिनिटं. मी आज सर्वांसमक्ष जाहीर केलं की लग्न लागल्यावर माझी मुलगी माझ्या बोटीतून सासरी जाईल, आणि इंजिन मी स्वतः चालवीन. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून माझं वाक्य संपेपर्यंत घरात सगळे गप्प राहिले, ही पहिलीच वेळ. भार्गवी म्हणाली, बाबा, खरंच? आणि लगेच उन्मेषला फोन. लहानपणी तिला पलीकडच्या जत्रेला होडीतून न्यायचो, ते तिच्या लक्षात होतं. डोळे भरले होते तिचे. आता माघार नाही. प्रश्नच नाही.

रिसॉर्टवाला एकच गोष्ट बजावून गेला. खाऱ्या पाण्यात चालवलंत की घरी आणून गोड्या पाण्याच्या पिंपात पंधरा मिनिटं चालवायचं, नाहीतर आतल्या नळ्यांत मीठ बसतं आणि इंजिन कुजतं. मी नुसता हसलो. गोडं पाणी! कुणाला सांगतोय! आमच्या विहिरीचं पाणी चाखून एक मामलेदार घोड्यावर दोन कळश्या बांधून घेऊन गेला होता. आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेलं. (वडील एकच कळशी म्हणायचे. वडिलांना प्रत्येक गोष्ट कमी करून सांगायची खोड होती.)

संकल्प: प्रत्येक फेरीनंतर इंजिनाला विहिरीच्या पाण्याची आंघोळ. कंटाळा करायचा नाही.

२ एप्रिल.

पहिली फेरी. बोटीचं नाव ‘भार्गवी’. मुलगी चालली म्हणून बोट ठेवलीत वाटतं, इति उमा.

इंजिन तिसऱ्या ओढीला चालू. मागून थंडाव्याच्या पाण्याची धार पडते, ती बघायची असते. धार जोरात म्हणजे तब्येत उत्तम. आमची धार करंगळीएवढी जाड. धक्क्यावर लवू जाळं शिवत बसला होता, त्याला मुद्दाम दाखवली. लवू आमचा दगडी गडग्यापलीकडचा शेजारी. त्याचं स्वतःचं इंजिन भार्गवीपेक्षा वयानं मोठं, अंगावर बोटभर खवले आणि चिखल, आणि तो ते लाथ मारून चालू करतो. म्हणाला, भाऊ, लय धुवू नका, यंत्राला नजर लागते. असल्या विचारांमुळे कोकण मागे राहिलं.

घरी आणून विहिरीवर पिंपात आंघोळ. उमा म्हणाली, लवूच्या नळाचं पाणी घ्या की, नळी पोचते. मी शांतपणे समजावलं. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते धातूला बाधतं. दोन वर्षांपूर्वी पंचायतीचे लोक नळजोडणी द्यायला आले, तेव्हा याच मुद्द्यावर मी त्यांना दारातून परत पाठवलं होतं. ज्याच्या परसात अमृत, त्यानं नळाला तोंड का लावावं?

उमानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मिटलं. पटलं असावं.

५ एप्रिल.

साबणाला फेस येत नाही. ही या वर्षातली चौथी कंपनी. सगळ्या चोर. केस सुंभासारखे झालेत. उन्हाळा.

९ एप्रिल.

तीन फेऱ्या, तीन आंघोळी. बोटीतून फिरवायचे ते पर्यटक अजून आलेले नाहीत, पण इंजिन तयार पाहिजे.

पिंप उन्हात वाळलं की तळाला पांढरा थर दिसतो. खरवडून पाहिला. कॅल्शियम. म्हणजे आपल्या पाण्यात खनिजं किती आहेत बघा. शहरातले लोक याच्या गोळ्या विकत घेतात.

१४ एप्रिल. दुपारी.

इंजिनावर आधीच्या मालकाचा काळा तेलकट चिकटा आहे. साबण हरला (वर पाहा), रॉकेल हरलं. स्वयंपाकघरात उमा लग्नासाठी समया घासत बसली होती. आमसुलांचं पाणी लावलं की काळीकुट्ट समई सोन्यासारखी. मला एकदम सुचलं. मोठे शोध असेच लागतात.

वाडगाभर आमसुलं भिजवली, इंजिनाला चोपडली, उन्हात ठेवलं.

१५ एप्रिल.

चिकटा गेला. हे आधी लिहितो, कारण घरात कुणी ते बोलायला तयार नाही.

चिकट्याबरोबर चकाकी गेली, कंपनीचं नाव गेलं, आणि जिथे रंग उडाला होता तिथे काळेपांढरे डाग पडले. भार्गवी म्हणाली, बाबा, समई पितळेची असते, इंजिन ॲल्युमिनियमचं. ती शाळेत विज्ञान शिकवते. लग्न ठरलेल्या मुलीनं लग्नात लक्ष घालावं.

उमा दुपारभर सोलकढीसाठी आमसुलं शोधत होती. मी कामात होतो.

२१ एप्रिल.

उघडं पडलेलं ॲल्युमिनियम झाकायला हवं. मीरकरवाड्यात एका दुकानात गंजरोधक स्प्रे मिळतो म्हणे. स्प्रे! आमच्या पूर्वजांनी काय स्प्रे मारून होड्या चालवल्या? ते काजूच्या टरफलांचं तेल लावत. लाकूड पन्नास-पन्नास वर्षं टिकायचं. काजू कारखान्यातून कॅन आणला. काळं, दाट, अस्सल. बाहेरून दोन हात दिले. आतल्या बेचक्यांत ब्रश पोचेना, तिथे तळहातानं चोळलं. कामात जीव ओतला की साधनांची गरज उरत नाही.

२२ एप्रिल.

(डाव्या हातानं. तोही बरा नाही.)

फोड. दोन्ही तळवे. डॉक्टर म्हणाले, हे तेल कातडी जाळतं, तुम्ही कोकणातलेच ना? तेल उत्तम आहे. कातडी नाजूक निघाली.

संध्याकाळी बहिणीकडे केळवण. हात पट्ट्यांत, त्यामुळे उमानं चारचौघांत भरवलं. फोटोत फार प्रेम दिसतं. भरवताना ती दात आवळून काय बोलत होती ते फोटोत येत नाही हे बरं.

२७ एप्रिल.

धार बारीक झाली.

करंगळीची दोरी झाली, दोरीचा दोरा. थांबून थांबून येते. लवू धक्क्यावरून बघत होता. म्हणाला, भाऊ, तुमच्या इंजानाला म्हाताऱ्यांचा आजार झालाय. धक्क्यावरचे चार जण हसले. मग त्यानं उपायही सांगितला: गावराखण्याला नारळ द्या, गाऱ्हाणं घाला. मी म्हटलं, यंत्राचा प्रश्न यंत्रानं सुटतो. तो म्हणाला, मग यंत्राला इचारा.

घरी सांगितलं. उमा म्हणाली, तुम्हीसुद्धा रात्री चारदा उठता, दोघांना एकदमच डॉक्टरकडे न्या.

एकवीस दिवस राहिले.

२९ एप्रिल.

इंजिन रिक्षात घालून मीरकरवाडा. मेकॅनिक विनीत, वय तिशीचं, कानात काहीतरी अडकवलेलं. त्यानं आधी इंजिन हुंगलं आणि विचारलं, याला काय फासलंय? मी सांगितलं. तो थोडा वेळ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

परत आल्यावर म्हणाला, आत मीठ बसलेलं वाटतंय, उघडून साफ करू, चार दिवस ठेवा. मग विचारलं, आंघोळ कुठल्या पाण्याची घालता? मी त्याला मामलेदाराची गोष्ट सांगितली. संपूर्ण. तो म्हणाला, काका, पाणी मचूळ तर नाही ना? किनाऱ्याजवळच्या विहिरी हल्ली बिघडल्यात. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बँकेत मी अशा नजरेनं कर्जं नाकारलेली आहेत. तो वरमला. म्हणाला, रोज गोड्या पाण्यानं धुताय म्हणजे मीठ नसणार, मग आतला रबरी पंखा झिजला असेल. पंखा बदलून दिला. अर्ध्या तासात मोकळे.

योग्य माहिती दिली की निदान अचूक होतं. धार परत दोरीएवढी.

३ मे. सकाळी.

चोरी पकडली!

आज लवकर जाग आली म्हणून मागच्या अंगाला गेलो, तर गडग्यावरून एक हिरवी नळी. एक टोक आमच्या स्वयंपाकघरामागच्या मोरीत, दुसरं लवूच्या आवारात. म्हणजे माझ्या घरातून माझ्या विहिरीचं पाणी पलीकडे चाललं आहे. गोड पाण्यावर जगाचा डोळा असतो हे वडील सांगायचे ते खोटं नाही. (यात त्यांनी कमी करून सांगितलं नव्हतं.)

नळी गुंडाळून माळ्यावर टाकली. लवूला जाब विचारला. तो राखुंडीनं दात घासत होता, थुंकून म्हणाला, नळी माजी नाय. मग कुणाची? म्हणाला, वैनींना इचारा. असे लोक पकडले गेले की बायकांना मध्ये घालतात. मी मोठ्या मनानं म्हटलं, पाणी हवं होतं तर मागायचं, मी नाही म्हटलं असतं का? तो हात जोडून म्हणाला, भाऊ, तुमचं पाणी देवानं तुम्हालाच पाजावं.

मनाचा चांगला आहे. चोर असला तरी.

उमाला ही मर्दुमकी सांगितली. ती खुर्चीवर बसली.

४ मे.

चहा नासला. दोनदा. डाळ पाच शिट्ट्यांनंतर गारगोट्यांसारखी. दूधवाल्याला फोनवर झापलं. डाळ वाण्याला परत नेऊन दिली आणि गिऱ्हाइकांसमोर चार शब्द सुनावले. पाणी पिताना तोंडाला कसंतरी लागलं. काजूच्या तेलानं जिभेवर परिणाम झाला असणार, डॉक्टरांना विचारायला हवं.

उमा पदर तोंडाला लावून बसली होती. हसत होती की रडत होती कळलं नाही. भार्गवी तिला म्हणाली, आई, सांगून टाक. उमा म्हणाली, लग्न होऊ दे.

काय सांगायचंय? साड्यांचं काहीतरी असेल.

५ मे.

चहा उत्तम. डाळ लोण्यासारखी. वेळच्या वेळी दम दिला की दूधवाले सुधारतात.

उमा हल्ली पहाटे लवूच्या बायकोकडे, चिमाकडे, जाते. लग्नाचे पापड लाटायला. जाताना दोन कळश्या नेते. येताना तिचा खांदा दुखत असतो. पापडाला कळश्या कशाला, हे विचारायचं राहिलं.

९ मे.

सलिल आला. उमाचा भाऊ. याला प्रत्येक कामात दुसरा प्लॅन लागतो. म्हणाला, भाऊजी, मी एसी बस सांगितलीये, बोटीचं काही झालं तर असू दे. मी विचारलं, बोटीचं काय होणार? तो म्हणाला, काही नाही होणार, पण असू दे. हे ‘असू दे’ मला ओळखीचं आहे. माझ्या लग्नात त्याच्या वडिलांनी असंच मुलीला परतीचं तिकीट काढून दिलं होतं.

वर पन्नास जार मागवलेत, वऱ्हाडाला प्यायला. प्लॅस्टिकचे, बंद बाटलीतलं पाणी! ज्या घरी मामलेदार पाण्याला थांबला, त्या घरी! मी म्हटलं, व्याह्यांना विहिरीचं पाणी द्यायचं. उमा म्हणाली, तुम्ही बोट सांभाळा, पाणी मी सांभाळते. आवाज असा होता की मी बोट सांभाळायला गेलो.

व्याह्यांना आपलं पाणी मी पाजणारच. कसं ते बघू.

१३ मे.

चाचणी. मध्यावर इंजिनानं भोंगा वाजवायला सुरुवात केली. लांबलचक, कर्कश, थांबेचना. पुस्तकात लिहिलंय की इंजिन तापलं की भोंगा वाजतो. हात लावून पाहिला तर तापलं होतं हे खरं. पण मे महिना आहे, मीसुद्धा तापलो होतो, मी कुठे भोंगा वाजवतोय?

भोंग्याची वायर काढली. आवाज पूर्ण बंद.

धार दोऱ्याएवढी. घरी आणून अर्धा तास आंघोळ. मग आणखी अर्धा तास. विहीर तळाला गेली, पंप गढूळ ओढू लागला, तरी घालत राहिलो. आज त्याच्यासाठी एवढं केलं की शेवटी शेवटी चिडचिड झाली. एवढं पोटच्या पोरासाठी कुणी करत नाही. (भार्गवीला पार्लरमध्ये सोडायचं राहिलं. ती एसटीनं गेली.)

संध्याकाळी ती आली तेव्हा पडवीत माझ्याजवळ बसली. म्हणाली, बाबा, बोट नाही चालली तरी चालेल, मला काही वाटणार नाही. मला मात्र वाटलं. म्हटलं, तुला शब्द दिलाय. ती म्हणाली, म्हणूनच सांगतेय.

१७ मे.

सर्व तयार. बोटीला झेंडूच्या माळा. लाइफ जॅकेट धुऊन ठेवली. वल्ही घरीच ठेवली. वल्ही नेणं म्हणजे इंजिनावर अविश्वास. नांगर भाचीनं, मृणालीनं, फुलांनी सजवला आहे, फोटोसाठी धक्क्यावर उभा करणार.

रिकामा झालेला एक जार मी गुपचूप विहिरीवर भरला. वीस लिटर. पलीकडे पोचल्यावर इंजिनाला लगेच धुता येईल, आणि तेवढ्यात व्याह्यांना एक पेला. कुणाला बोललो नाही.

गावराखण्याला नारळ दिला. कुणाला बोललो नाही.

१९ मे. सकाळी.

काल लिहवलं नाही. जे झालं ते क्रमानं लिहितो.

लग्न उत्तम लागलं. चारला धक्क्यावर आलो. बोटीत भार्गवी, उन्मेष, व्याही, विहीणबाई नीरजाताई, पाठराखीण म्हणून मृणाली, आणि मी. शालूवर नारिंगी लाइफ जॅकेट घालूनसुद्धा मुलगी सुंदर दिसत होती. बाकीचे सलिलच्या बसनं. उमा धक्क्यावर उभी. रडत होती, ते मुलीसाठी असेल.

दुसऱ्या ओढीला इंजिन चालू. टाळ्या! मी मागे वळून धार बघितली नाही. मंगल प्रसंगी मागे वळून बघू नये.

खाडीच्या मध्यावर धूर. आधी पांढरा, मग काळा. काजूचं तेल तापून वितळायला लागलं आणि असा वास सुटला की नीरजाताईंनी नाकाला शेला लावला, तो शेवटपर्यंत. भोंगा वाजला नाही, कारण त्याची व्यवस्था मी केलेली होती. मग आतून काहीतरी दाढ उपटावी तसा आवाज आला आणि इंजिन थांबलं. दोरी ओढली. ती हलेना. परत ओढली. परत. हाताचे जुने फोड फुटले. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती, बोट हळूहळू खाडीच्या तोंडाकडे सरकायला लागली. वल्ही घरी. नांगर धक्क्यावर, झेंडूंत.

उन्मेष फळीनं वल्हवायला लागला, मुंडावळ्या डोळ्यांत जात होत्या. चांगला मुलगा आहे. फोटोग्राफर धक्क्यावरून मोठी लेन्स लावून सगळं टिपत होता, त्याला सगळे पैसे आधीच दिलेले आहेत.

लवू त्याची होडी घेऊन निघाला, पण लग्नाच्या कपड्यांत होता आणि पहिल्या दोन लाथा फुकट गेल्या. तोवर अर्धा तास ऊन. व्याही निवृत्त हेडमास्तर, पथ्याचे. त्यांचा घसा कोरडा पडला. विचारलं, पाणी आहे का हो थोडं?

मला वाटलं, देवानं वेळ आणली! या सगळ्यात एक तरी गोष्ट मनासारखी. जार उचलला, पेला काठोकाठ भरला, आणि देताना म्हटलं, पंत, आमच्या विहिरीचं आहे, एका मामलेदारानं... ते घटाघट प्यायला लागले. दुसऱ्या घोटाला थांबले. गाल फुगवून माझ्याकडे बघत राहिले. हेडमास्तर माणूस, गिळावं की थुंकावं याचा न्याय करत होते. मग पाठ वळवून खाडीत थुंकले, आणि फार सभ्यपणे विचारलं, परशुरामपंत, घाईत खाडीतलं तर भरलं गेलं नाही ना?

मी पेला घेतला. प्यायलो.

भार्गवी माझ्याकडे बघत होती, ती लहान असताना मी कुठे पडलो तर बघायची तशी. मग म्हणाली, बाबा, विहीर बिघडून दोन वर्षं झाली. आई चिमाकाकूच्या नळाचं पाणी आणते. नळी त्यासाठीच होती. तुम्ही दर जेवणाला विहिरीचं कौतुक करायचात, आईला सांगवेना. मी विचारलं, मी पितो ते? ती म्हणाली, नळाचंच. आंघोळ सोडून सगळं नळाचंच.

म्हणजे मी नळी काढली तो एक दिवस सोडला, तर दोन वर्षं या घरात विहिरीचं पाणी कुणीच प्यायलं नव्हतं. फक्त इंजिन प्यालं. माझ्या हातानं, पिंपभर, दोन-दोनदा.

लवू पोचला. दोर टाकला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो मला काही बोलला नाही, त्याचाच जास्त राग आला. मुलगी सासरी पोचली ती माशांच्या जाळ्यांच्या होडीमागून, ओढत. बस अर्धा तास आधी पोचलेली होती. सलिल काठावर उभा. तोही काही बोलला नाही. सगळ्या जगानं एकाच दिवशी सभ्यपणा करायचं ठरवलं होतं.

उंबऱ्यात गूळपाणी आलं. व्याह्यांनी आधी मला दिलं. मी प्यायलो आणि सवयीनं म्हटलं, वा, पाणी छान आहे. उन्मेषच्या काकांनी सांगितलं, फिल्टरचं आहे.

निघताना भार्गवी माझ्या गळ्यात पडली. कानात म्हणाली, बाबा, बोटीनं आणलंत. आणलंत ना? धूर डोळ्यांत गेला होता. अजून जात नाहीये.

२१ मे.

विनीतनं इंजिन उघडलं. फोटो पाठवला. आतल्या नळ्या मिठानं गच्च, मिठागरासारख्या. खाली एकच वाक्य: काका, तो मामलेदार जिवंत आहे का?

भार्गवीचा फोन. पाचपरतावणाला रविवारी येतायत. मी म्हटलं, तोवर लवूकडून इंजिन मागून घेतो, धक्क्यावर घ्यायला येतो. ती म्हणाली, बाबा, आम्ही बसनंच येतो.

ठीक आहे. बसमध्ये एसी असतो.

विहिरीवर गेलो, एक कळशी ओढली, ओंजळभर चाखून पाहिलं. मचूळ आहे. फार नाही. पाऊस पडला की सुधारेल. हे कुणाला सांगितलं नाही.

पंचायतीत नळजोडणीचा अर्ज करायला गेलो तर तिथला माणूस म्हणाला, योजना संपली, तुम्ही नको म्हणाला होतात. हे त्यांना बरं आठवतं.

माळ्यावरून हिरवी नळी काढली. गडग्यावरून पलीकडे दिली. लवू तिथेच उभा होता. त्यानं टोक धरलं आणि नळाला जोडलं. म्हणाला, चिमाचं पानी सुटतं पाचला, लवकर उठाया लागंल. मी हो म्हटलं.

संध्याकाळी उमानं पडवीत चहा आणून दिला. पाटावर आता काही नाही, नुसता तेलाचा काळा डाग. ती शेजारी बसली. चहा चांगला झाला होता. मी तसं म्हटलं नाही.

तिनं विचारलं, कसा झालाय?

म्हटलं, साखर जरा जास्त आहे.